द्विशिक्षकी शाळेतला एक मोबाइल : मुलांचे शिकणे पाहण्यासाठी आणि सावरण्यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : डोंगराळ भागातील द्विशिक्षकी शाळा, तिसरी आणि चौथी मिळून ३१ मुले, हाताशी तुमचा स्वतःचा एक स्मार्टफोन, आणि नेटवर्क ओट्यावर उभे राहिले तर मिळते, वर्गात नाही. अशा परिस्थितीत मूल्यमापनासाठी आणि मागे पडलेल्या मुलांना मदत करण्यासाठी कोणते ॲप वापरावे, आणि लोकवर्गणीतून टॅब घ्यावेत का?

मी पाटण तालुक्यातील वाडीवस्तीच्या शाळांत २३ वर्षे शिकवले असून त्यांतली शेवटची ११ वर्षे मोबाइल वर्गात वापरला आहे. ॲपचे नाव मी मुद्दाम आधी सांगत नाही, कारण या कामासाठी सर्वांत उपयोगी पडलेल्या तीन गोष्टी फोनमध्ये मुळातच असतात आणि त्यांना नेटवर्क लागत नाही : कॅमेरा, ध्वनिमुद्रक आणि सेकंद दाखवणारे घड्याळ. दोन इयत्ता एकत्र बसवणाऱ्या शिक्षकाची खरी अडचण गुण मोजण्याची नसते. तुम्ही चौथीला भागाकार समजावत असता तेव्हा तिसरीतला मुलगा पाटीवर काहीतरी चुकीचे करतो आणि तुम्ही त्याच्याजवळ पोहोचेपर्यंत ते पुसूनही टाकतो. त्याने नेमके काय केले होते ते कोणालाच कळत नाही. फोन ती पाटी संध्याकाळपर्यंत जपून ठेवतो, आणि त्याची खरी कामगिरी एवढीच आहे. संध्याकाळी जे पाहिले त्यामुळे दुसऱ्या दिवशीचे टाचण, म्हणजे शिकवण्याचा आराखडा, एका ओळीनेही बदलले नाही, तर फोनमधली जागा तेवढी अडली असे समजावे.

सुरुवात वाचनापासून करा. साधारण ७० ते ८० शब्दांचा, मुलांनी आधी न पाहिलेला उतारा घ्या. पाठ्यपुस्तकातला घेऊ नका, कारण आपल्या मुलांना पुस्तकातले धडे ऐकून ऐकून तोंडपाठ झालेले असतात आणि डोळे मिटूनही ती ते ‘वाचतात’. मुलाला व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसवून ध्वनिमुद्रण सुरू करा, आधी हजेरी क्रमांक म्हणायला सांगा, मग उतारा वाचायला द्या. मिनिट संपल्यावर त्याने कोणत्या शब्दापर्यंत वाचले तिथे मनात खूण करा, पण त्याला मध्येच थांबवू नका. शेवटी उताऱ्यावर दोन तोंडी प्रश्न विचारा. एका दिवशी पाच मुले घेतली तर अशा सात दिवसांत पट पूर्ण होतो. रात्री उताऱ्याची प्रत समोर ठेवून ऐका आणि चुकलेल्या शब्दांना गोल करा. मुलाने स्वतः थांबून दुरुस्त केलेला शब्द चूक धरू नका.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाने दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत अशी अपेक्षा ठेवली आहे, आणि तुमच्याकडेही तोच आकडा विचारला जाईल. तो जरूर काढा, परंतु त्यावर थांबू नका. मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एक शब्द आहे आणि ‘तो’ हाही एकच शब्द आहे, त्यामुळे उतारा बदलला की आकडा बदलतो. शिवाय मिनिटाला ५० शब्द वाचणारी तीन मुले तीन वेगळ्या कारणांनी ५० वर अडलेली असतात. एक जण प्रत्येक रफाराजवळ आणि जोडाक्षराजवळ थांबतो. दुसरा अडखळत नाही, पण शब्दाचा पहिला भाग पाहून शेवट अंदाजाने लावतो आणि ‘झाडावरून’ असे छापलेले ‘झाडावर’ असे वाचतो. तिसरी मुलगी सगळे बिनचूक वाचते आणि गोष्टीत कोण कोठे गेले ते सांगू शकत नाही. पहिल्याला जोडाक्षरांची रोजची दहा मिनिटे हवीत, दुसऱ्याला प्रत्ययाखाली बोट ठेवून सावकाश वाचणे हवे, त्या मुलीला वाचून झाल्यावर गप्पा हव्यात. आकड्यात हा फरक दिसत नाही, ध्वनिमुद्रणात तो ऐकू येतो.

बोलीबद्दल एक सावधगिरी घ्या. आमच्याकडची मुले छापील ‘होता’ पाहून ‘व्हता’ म्हणतात. त्यांनी अक्षरे ओळखली, शब्द ओळखला, अर्थही कळला आणि तो आपल्या घरच्या उच्चारात म्हटला. ही वाचनाची चूक नव्हे आणि ती तशी मोजू नये. प्रमाण उच्चार शिकवायचा तर तो परिपाठाच्या वेळी शिकवा. याच कारणासाठी मुलाचे बोलणे ऐकून दाद देणारी ॲप्स मी सरावापुरतीच वापरतो. गूगलचे २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ या नावाने आलेले आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेले ॲप त्यांपैकी एक. अडलेला शब्द ते वाचून दाखवते आणि मुलाला न लाजता पुन्हा पुन्हा वाचू देते, हे मोठेच काम आहे. मात्र त्यात मिळालेल्या ताऱ्यांवरून कोणाची पातळी ठरवू नका. एकाच खोलीत दोन इयत्ता चालू असताना ते कोणाचा आवाज ऐकते आहे हे आपल्यालाही सांगता येत नाही.

ध्वनिमुद्रण कोणी करावे, हेही महत्त्वाचे ठरते. माझ्या वर्गात चौथीतली एक मुलगी माझ्यासमोर कधीच धड वाचत नसे, आणि तिच्या नोंदीत मी दोन महिने ‘शब्द वाचते’ एवढेच लिहीत होतो. एकदा मला कार्यालयाचा फोन आला म्हणून मी आमचा जुना फोन तिच्या मैत्रिणीच्या हाती दिला आणि दोघींना शाळेच्या मागच्या पायरीवर पाठवले. रात्री ऐकले तेव्हा तिने मिनिटाला ६४ शब्द वाचले होते, आणि मधे एका ठिकाणी मैत्रिणीची चूकही दुरुस्त केली होती. दोन महिने मी तिचे वाचन मोजत नव्हतो, माझी तिला वाटणारी भीती मोजत होतो. तेव्हापासून चौथीची मुले तिसरीच्या मुलांचे ध्वनिमुद्रण करतात, आणि मी फक्त शंका असलेली मुले स्वतः घेतो.

त्याच फाइली आधारासाठीही वापरता येतात. मुलाला त्याचे वाचन लगेच ऐकवले तर निम्म्या चुका ते स्वतः पकडते. सप्टेंबरमधले आणि जानेवारीतले वाचन एकामागून एक ऐकवा. मागे पडलेल्या मुलाला शेजारच्यापेक्षा मागे असल्याची सवय झालेली असते, पण स्वतःच्याच जुन्या आवाजाच्या पुढे आल्याचे ऐकणे त्याला नवीन असते.

गणितात कॅमेरा अधिक बोलका आहे. सर्वांना एकच उदाहरण द्या, उत्तर झाले की पाट्या ओसरीवर ओळीने मांडायला सांगा, आणि आठ आठ पाट्यांचा एक असे चार फोटो घ्या; दोन मिनिटांत काम होते. संध्याकाळी बरोबर-चूक असे न करता उत्तरांप्रमाणे गट करा. ५२ − २७ घेतले तर बरोबर उत्तर २५. ज्यांनी ३५ लिहिले त्यांनी एककात मोठ्यातून लहान वजा केले, म्हणजे २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ काढले. त्यांना काड्यांचे गठ्ठे सोडून पाहण्याची गरज आहे. ज्यांनी ७९ लिहिले त्यांनी चिन्ह पाहिले नाही. २४ किंवा २६ लिहिणाऱ्यांची रीत बहुधा बरोबर आहे, मोजताना बोट निसटले. आणि ज्यांनी १५ लिहिले ती मुले मला सर्वांत जास्त शिकवून गेली.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला वजाबाकी शिकवली गेली ती अशी : बारातून सात गेले पाच, हातचा एक, तो खालच्या दोनात मिळवून तीन, पाचातून तीन गेले दोन. आज आपण वर्गात दशक सुटा करून वरच्या पाचाचे चार करायला शिकवतो. दोन्ही रीती बिनचूक आहेत. परंतु घरी आजी एक सांगते आणि शाळेत गुरुजी दुसरी, तेव्हा मूल दोन्हींचा मान राखते, वरच्या पाचाचे चार करते आणि खालच्या दोनाचे तीनही करते, आणि उत्तर १५ येते. वहीत फक्त लाल फुली मारली असती तर हे मला आणखी दहा वर्षे कळले नसते. मी त्या दोन मुलांना फोनसमोर बसवून ‘मोठ्याने बोलत बोलत कर’ असे सांगितले आणि मिनिटभराच्या चित्रफितीत आजीचे वाक्य जसेच्या तसे ऐकू आले. उपाय सोपा होता : दोन्हींपैकी कोणतीही एक रीत निवड, आणि आजीलाही तसे सांग.

संख्यावाचनासाठी उलट दिशेने जा. दहा संख्या तुमच्या आवाजात, मध्ये पुरेसा वेळ सोडून, ध्वनिमुद्रित करा आणि तुम्ही चौथीला शिकवत असताना तिसरीला ऐकवा. ‘एकोणपन्नास’ ऐकून ५९ लिहिणारी मुले तुम्हाला हमखास सापडतील, कारण त्यांच्या कानाला ‘पन्नास’ ऐकू येते आणि पन्नासाच्या आधीचा एक, असा हिशेब त्यांना कोणी उलगडून सांगितलेला नसतो. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशा पद्धतीचे संख्यावाचन आले तेव्हा राज्यभर विनोद झाले. टीका करणाऱ्यांनी अशा ३१ पाट्या एकदा पाहिल्या असत्या तर ती सूचना कोणत्या अडचणीतून आली एवढे तरी त्यांना दिसले असते.

संपूर्ण वर्गाला एकदम प्रश्न विचारायचा असेल तर प्लिकर्स हे साधन पाहण्यासारखे आहे. त्यात प्रत्येक मुलाला वेगळ्या नक्षीचे छापील कार्ड मिळते, कार्डाची जी बाजू वर धरली जाते ती त्याचे उत्तर ठरते, आणि शिक्षकाचा एकटा फोन वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले ते नोंदले जाते. मुलांकडे काहीच यंत्र लागत नाही. प्रश्न आणि नावे आधी संकेतस्थळावर भरावी लागतात. तुमच्याकडच्या नेटवर्कवर हे जमेलच असे नाही, म्हणून आमची गावठी पद्धत सांगतो. लग्नपत्रिकांच्या पाठीवर चार रंगांचे घोटीव कागद चिकटवून प्रत्येक मुलासाठी चार कार्डे केली आणि प्रत्येकावर हजेरी क्रमांक ठळक लिहिला. प्रश्न विचारायचा, तीनपर्यंत मोजायचे, सगळ्यांनी उत्तराचे कार्ड चेहऱ्यासमोर धरायचे, आणि वर्गाचा एक फोटो. कार्ड चेहऱ्यासमोर असल्याने शेजाऱ्याचे पाहून उत्तर बदलता येत नाही, आणि फोटोत चेहरेही येत नाहीत.

या पद्धतीचा जीव पर्यायांत असतो. ‘सर्वांत मोठा अपूर्णांक कोणता?’ असे विचारून एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश आणि एक अष्टमांश हे पर्याय दिले, तर एक अष्टमांश निवडणारे मूल ‘आठ मोठा म्हणून अपूर्णांक मोठा’ असे समजते आहे हे लगेच कळते, आणि भाकरीचे तुकडे करून दाखवायचे की नाही हा निर्णय तुम्ही त्याच तासाला घेऊ शकता. भरताड म्हणून दिलेला पर्याय काहीच सांगत नाही. चार पर्याय असताना ३१ मुलांपैकी एकालाही काही येत नसले तरी सात-आठ उत्तरे नशिबाने बरोबर येणार, हेही लक्षात असू द्या. एका प्रश्नावर कोणाबद्दलही मत बनवू नये.

गूगल फॉर्म आणि तत्सम आपोआप तपासणाऱ्या चाचण्यांविषयी मी थोडक्यातच लिहितो. मोठ्या वर्गांना, शाळेत बसून, त्या उपयोगी आहेत. तिसरी-चौथीला घरी सोडवायला देऊ नका. २०२० मध्ये शाळा बंद असताना मी दर शनिवारी पालकांना दुवा पाठवत असे आणि दोन आठवडे जवळपास सर्वांना १० पैकी १० पडत असल्याने खुशीत होतो. मग एका विद्यार्थ्याच्या दहावीतल्या दादाने प्रामाणिकपणे विचारले, ‘सर, सातवा प्रश्न चुकीचा छापलाय का?’ माझ्या चाचणीने कोणाच्या घरी मोठे भावंड आहे एवढेच मोजले होते.

आता मुलापर्यंत काय परत जायला हवे, याबद्दल. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात ज्यांना फक्त कामाविषयीचा अभिप्राय मिळाला ती मुले पुढे सुधारली. ज्यांना गुण मिळाले, किंवा गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळाले, त्यांच्यात तशी सुधारणा दिसली नाही. गुण दिसला की मूल पुढचे वाचत नाही, हा आपलाही अनुभव आहे. म्हणून फोनवरून घरी कधीही गुण पाठवू नका. अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा, त्यात एक जमलेली गोष्ट आणि एक करायची गोष्ट असावी : ‘आज तिने जोडाक्षरे न अडखळता वाचली, आता वाचून झाल्यावर गोष्ट तिच्याच शब्दांत ऐका.’ आमच्या भागातले निम्मे वडील नवी मुंबईत माथाडी कामगार आहेत आणि पालक सभेला येऊ शकत नाहीत. वाचता येत नसलेल्या आईलाही आवाजी निरोप समजतो. एका वडिलांनी मुलीच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण बाजारातल्या सहकाऱ्यांना ऐकवले आणि दर रविवारी रात्री फोनवर तिच्याकडून एक पान वाचून घ्यायला सुरुवात केली. तेवढा सराव मला शाळेत तिला देता आला नसता. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमागचे, दीक्षा या सरकारी ऑनलाइन शैक्षणिक मंचावरील साहित्यही चांगले आहे, मात्र ते नेटवर्क असेल तिथे आधीच उतरवून घ्या.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे भाग आहे. ‘आजच्या गमतीशीर चुका’ म्हणून मी एकदा चार वह्यांचा फोटो पालकांच्या गटावर टाकला. नावे झाकली होती, पण लहान वस्तीत अक्षरावरूनही मूल ओळखू येते. तो मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही. तेव्हापासून एका मुलाचे काम फक्त त्याच्याच घरी जाते, गटावर केवळ सूचना. कायद्याच्या दृष्टीनेही काळजी घ्यावी लागते : २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. जूनच्या पहिल्या पालक सभेत काय मुद्रित करणार आणि किती दिवस ठेवणार हे सांगून सह्या घ्या, ते इतिवृत्तात नोंदवा, चेहऱ्याऐवजी हात आणि पाटी टिपा, फाइलींना नावाऐवजी हजेरी क्रमांक द्या, फोटो आपोआप ऑनलाइन साठवले जाण्याची सोय त्या फोल्डरसाठी बंद ठेवा, आणि वार्षिक निकालानंतर सर्व पुसून टाका. तुमच्या फोनमध्ये घरच्या लग्नाचे फोटो आणि मुलांच्या पाट्या एकाच ठिकाणी नसाव्यात, हे वेगळे सांगायला नको.

नोंदींचा भार वाढेल अशी भीती तुम्ही लिहिली आहे. उलट होते. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि त्यातील आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, स्वाध्याय ही सगळी साधने आहेतच. सत्र संपताना वर्णनात्मक नोंदी आठवून आठवून, बरेचदा मार्गदर्शिकेतून उतरवून, लिहाव्या लागतात ती खरी डोकेदुखी. तारखेसह फोटो आणि ध्वनिफिती समोर असतील तर ‘वाचनात प्रगती आहे’ याऐवजी ‘रफार असलेले शब्द डिसेंबरपासून न अडखळता वाचतो’ असे लिहिता येते, आणि केंद्रप्रमुखांनी विचारले तर ऐकवताही येते. मात्र रोज एकच गोष्ट टिपा. सोमवारी वाचन, बुधवारी पाट्या, शुक्रवारी रंगीत कार्डे एवढ्यावर पहिले सत्र काढा. रोज सर्व काही टिपणारे शिक्षक दिवाळीपर्यंत थकतात.

राहिला टॅबचा प्रश्न. ३१ टॅबसाठी लोकवर्गणी मागू नका. दोन वर्षांत त्यांतले निम्मे कपाटात जातात, आणि एवढी यंत्रे रोज भारित करायला आपल्या खोलीत तेवढे प्लगही नसतात. पहिल्या वर्षी कॉलरला लावायचा तारेचा माइक, पाट्यांचे फोटो सरळ यावेत म्हणून एक स्टँड, आणि तिसरीला ध्वनिफिती ऐकवण्यासाठी लहान स्पीकर घ्या. गावातल्या कोणी फोन बदलला की जुना शाळेला मागा. सिमकार्डाशिवायचा, कॅमेरा आणि माइक चालणारा एक फोन मुलांच्या हाती देण्यासाठी पुरतो. पुढच्या वर्षीही पैसे उरले तर दोन टॅब घ्या, एक तिसरीला आणि एक चौथीला, आणि ते भारित करण्याची जबाबदारी चौथीच्या दोन मुलांवर आठवड्याच्या पाळीने सोपवा.